काकड्यानंतरची फेरी

कोजागिरी झाली की हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या डोंगरकडा गावात काकडा सुरू होतो. पुढं महिनाभर, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, पहाटे साडेचारला टाळांचा आवाज येतो. त्यासाठी कुणी पत्रिका छापत नाही, फोन करून बोलावत नाही, आल्याबद्दल कुणाचा सत्कारही होत नाही. ज्याला जाग येते तो शाल गुंडाळून निघतो. सहाच्या आसपास आरती होते, हातावर प्रसाद पडतो. बाहेर येऊन पाहावं तर पूर्वेला नुसतं फटफटलेलं असतं. माणसं जागी झालेली, हाताला काम लागायला अजून अवकाश, आणि पाखरांचीही उठायची तीच वेळ. आमची रविवारची फेरी तिथूनच निघते.

फेरी म्हणजे फार काही नाही. देवळाच्या पारापासून पांदण रस्त्यानं कालव्यापर्यंत जायचं आणि केळीच्या बागेला वळसा घालून परत यायचं. दोन तासांचं काम. वाटेत दिसेल ते पाखरू, झाड, किडा, मातीतला ठसा बघायचा, आणि सोबत त्यातलं थोडंफार कळणारं एखादं माणूस ठेवायचं. शहरात याला बर्ड वॉक किंवा नेचर ट्रेल म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी माणशी पैसे घेतात. आम्ही घेत नाही. आजूबाजूच्या गावांतले दोन-तीन शिक्षक ‘आमच्याकडं असं करायचं तर कसं?’ म्हणून विचारून गेले. त्यांना ओट्यावर बसून जे सांगितलं तेच इथं जरा नीट मांडतो.

आधी माझी चूक सांगतो. पहिली फेरी काढली तेव्हा उत्साह दांडगा होता. साठ पोरं गोळा केली, बॅनर छापलं, प्रमुख पाहुणे बोलावले. पाहुणे साडेनऊला आले. त्यांचं भाषण पाऊण तास चाललं, तेही स्पीकरवरून. मग साठ पोरांची वरात कालव्यावर गेली. पुढच्या दहा पोरांना टिटव्या ओरडत उडताना दिसल्या, मागच्या पन्नासांना पुढच्यांच्या पाठी दिसल्या. परतताना चौथीतला एक पोरगा म्हणाला, “सर, पाखरं कवा दाखवणार?” त्या दिवशी आम्ही पोह्यावर आणि बॅनरवर जो खर्च केला त्यात एक बऱ्यापैकी दुर्बीण आली असती.

तेव्हापासून तीन गोष्टी पक्क्या केल्या. वार ठरलेला, वेळ ठरलेली, निघायची जागा ठरलेली. आठवडी बाजाराचं कधी कुणाला आमंत्रण लागतं का? पाऊस असो, लग्नाची तिथी असो, बाजार भरतोच, म्हणून माणसं येतात. फेरीचंही तसंच. एखाद्या रविवारी दोनच जण आले तर दोघांना घेऊन निघायचं. रद्द केली की संपली, कारण पुढच्या खेपेला माणूस म्हणतो, ‘असंल का नसंल कुणाला ठाऊक’, आणि कूस बदलून झोपतो. काकडा संपला तरी वेळ बदलत नाही. फक्त जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो म्हणून अर्धा तास उशिरा निघतो.

ही रीत आम्ही शोधलेली नाही. अमेरिकेत शहरांना खेटून वन्यजीवांची राखीव ठिकाणं आहेत. फिलाडेल्फियात विमानतळाच्या अगदी शेजारी जॉन हाइन्झ आश्रयस्थान आहे, १९७२ साली कायदा करून राखलेलं, सुमारे हजार एकरांचं. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला डॉन एडवर्ड्स आहे, तिथं जुन्या मिठागरांची पुन्हा दलदल केली जाते. फ्रीमाँट आणि त्याच्या आसपास मराठी घरं पुष्कळ, त्यामुळं लेकाकडं सहा महिने राहून आलेले आईबाप त्या खाडीकाठच्या वाटा पायाखाली घालून येतात. दोन्ही ठिकाणी प्रवेश फुकट. वाट दाखवणारे बहुतेक स्वयंसेवक, त्यात निवृत्त माणसं जास्त. अमुक वारी अमुक वाजता अमुक फाटकापाशी या, एवढाच मामला. तुमचं जाणं होणार असेल तर पोरांना सांगून तिथल्या फेरीला आधी नाव नोंदवून ठेवा. भाषा आली नाही तरी बिघडत नाही. बोट दाखवलं की बगळा दिसतो.

आता गावाकडं वळू. वाट कोणती निवडायची? नवख्यांना वाटतं, निसर्ग बघायचा तर डोंगरात, जंगलात गेलं पाहिजे. मी म्हणतो, घरापासून चालत जाता येईल तीच वाट धरा आणि वर्षभर तीच धरा. गाडी आली की डिझेल आलं, डिझेल आलं की वर्गणी आली. शिवाय एकच वाट वर्षातून तीस-चाळीस वेळा चाललात तर काय नवीन आलं आणि काय गेलं ते कळतं. डोंगरकड्यासारख्या गावात तर वाटेची चैन आहे. हा केळी-हळदीचा पट्टा. इसापूर धरणाच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की कालवा वाहतो, वावरं ओली होतात, आणि ओल्या वावरात ट्रॅक्टर फिरू लागला की त्याच्या मागं गायबगळे, साळुंक्या, कोतवाल अशी रांग लागते. कालव्याला पाणी केव्हा सुटणार हे ज्याला ठाऊक, त्याला त्या आठवड्यात काय दिसणार तेही अर्धं ठाऊक झालं. म्हणून आमच्या फेरीचा अर्धा अंदाज पाटकऱ्याकडून येतो.

वाटेवर पाणी, झाडी आणि उघडं रान, तिन्ही थोडं थोडं असावं. एखादी जुनी विहीर असली तर सोन्याहून पिवळं. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे असतात. पावसाळा सरला की ते रिकामे होतात, तरी रिकामा खोपासुद्धा पोरांना वीस मिनिटं पुरतो. अर्धवट विणून सोडलेला खोपा कोणता, पुरा झालेला कोणता? विणतो तो नर. मादी येऊन पारखते, पसंत पडला तर पुढची नळी होते, नाही पडला तर तो तसाच लोंबत राहतो. हे सांगितलं की पोरी आधी हसतात.

दाखवायला फार नको. ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. सुरुवातीला मी दोन तासांत चाळीस नावं सांगायचो आणि घरी जाईपर्यंत पोरांच्या डोक्यात एकही उरायचं नाही. आता चार-पाचच दाखवतो, पण प्रत्येकापाशी थांबतो. वंचक घ्या, ज्याला ढोकरी म्हणतात तो. कालव्याच्या कडेला मातकट रंगाचा, मान आत ओढून बसलेला. पोरांना म्हणतो, “तिथं एक पाखरू आहे, शोधा.” पाच मिनिटं कुणाला सापडत नाही. ढेकूळ कोणतं आणि ढोकरी कोणती, काही कळत नाही. मग तो उडतो आणि एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात, जणू मातीच्या ढेकळातून धुतलेलं धोतर निघालं. नीलपंखाचंही तसंच. तारेवर बसलेला असतो तोवर भुरकट, कुणी ढुंकून पाहत नाही. झेप घेतली की निळ्याचे दोन-तीन पदर एकदम उलगडतात. ही दोन पाखरं नीट दाखवली तर पोर पुढच्या रविवारी आपणहून येतं.

“हे तं रोजच दिसतंय सर, यात काय दाखवायचं?” असं म्हणणारा एक तरी असतोच. त्यालाच पुढं घ्यावं. तो बहुतेक गुराख्याचा नाहीतर मासे धरणाऱ्याचा पोरगा असतो आणि आपल्याहून जास्त पाहिलेला असतो. टिटवीची अंडी कुठं असतात, मुंगूस कोणत्या धुऱ्यावरून जातं, कोल्ह्याची वाट कोणती, हे मला पुस्तकातून कळलं नाही, अशाच लेकरांकडून कळलं. कळमनुरी तालुक्यात आंध समाजाच्या वस्त्या आहेत, मेंढरं राखणारी घरं आहेत, जलाशयावर जाळं टाकणारे भोई आहेत. फेरीला वाटाड्या शोधायचा तर आधी तिथं शोधा. माझ्यासारखा मास्तर पाखराचं पुस्तकातलं नाव सांगेल, तो माणूस पाखरू कुठं सापडेल ते सांगेल. दोघं मिळून एक पुरा वाटाड्या होतो. मात्र त्याची मजुरी बुडत असेल तर त्याला पैसे दिलेच पाहिजेत. फेरी येणाऱ्याला फुकट असावी, राबणाऱ्याच्या जिवावर नसावी. आम्ही त्यासाठी पारावर एक डबा ठेवतो, ज्याला वाटेल त्यानं वाटेल तेवढं टाकावं.

एका वाटाड्यामागं बारा ते पंधरा माणसं, त्याहून जास्त नकोत. जास्त आली तर दोन तुकड्या करा आणि उलटसुलट दिशेनं पाठवा. सूर्य पाठीशी राहील अशी वाट धरा. नाहीतर समोरचं प्रत्येक पाखरू काळं दिसतं आणि प्रत्येक काळ्या पाखराला कावळा म्हणायची पाळी येते. कपडे मळखाऊ. पांढरी टोपी आणि भगवा-लाल सदरा त्या दिवशी घरी ठेवावा. अत्तर, सेंट नको. कालव्याच्या पुलाखाली, पिंपळावर, धरणाच्या भिंतीला आग्यामोहोळ असतं. त्याच्या आसपास धूर, दगड आणि आरडाओरडा नको, आणि मोहोळ दिसलं तर त्या बाजूनं वाटच बदलायची. या बाबतीत धीट माणसाचं ऐकू नये.

दुर्बीण नसली तरी फेरी होते. दोन तरी मिळाल्या तर उत्तम. दुकानदार जास्त आकड्याची गळ्यात मारायला बघतो, पण लेकरांसाठी आठ पटीची चांगली. तिच्यावर ८×४२ असं लिहिलेलं असतं. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. दहा-बारा पटीची घेतली तर हात हलला की सगळं रान हलतं. हातात देण्याआधी पट्टा गळ्यात घालायचा, हा पहिला नियम. मग दोन्ही नळ्या डोळ्यांच्या अंतराएवढ्या जुळवायच्या. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चक्रानं डाव्या डोळ्यापुरतं चित्र स्पष्ट करायचं, मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवायची. आणि पाखरू शोधायला दुर्बिणीतून बघत बसायचं नाही. नुसत्या डोळ्यांनी पाखरावर नजर ठेवायची आणि नजर न हलवता दुर्बीण वर आणायची. पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही, दुसऱ्या रविवारी जमतं. सूर्याकडं दुर्बीण कधीच वळवायची नाही. हे दर वेळी, दर माणसाला सांगायचं, कंटाळा आला तरी.

मोबाइलवर मर्लिन नावाचं अॅप फुकट मिळतं. भारतातल्या पक्ष्यांचा भाग एकदा घरी उतरवून घेतला की रानात नेट नसलं तरी चालतं. आवाज ऐकून ते नाव सुचवतं. पण सुचवतं एवढंच, ते काही पंच नव्हे. कोतवाल दुसऱ्या पाखरांच्या नकला करण्यात पटाईत आहे, त्याच्या नादी लागून अॅप काहीही सांगू शकतं. दुसरं म्हणजे मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलवायचं नाही. हद्दीत दुसरा नर आला असं समजून ते बिचारं चारा टाकून भांडायला येतं. घरट्यात अंडी-पिल्लं असताना तर मुळीच नको. घुबडाची ढोली दिसली तर तिचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकायचा नाही. अमावास्येच्या तोंडावर घुबडाच्या मागं कोण लागतं ते खेड्यात सगळ्यांना ठाऊक असतं.

आमच्या भागात एक खबरदारी जास्तीची आहे, ती फवारणीची. केळी-हळदीच्या वावरात शिरण्याआधी मालकाला विचारायचंच, आणि नुसतं ‘येऊ का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘काय मारलं, कवा मारलं?’ हेही विचारायचं. ताज्या फवारणीच्या वावरात लेकरं न्यायची नाहीत. बांधावरून बघितलं तरी पुष्कळ दिसतं. शेतकरी उलट विचारतो, “पाखरं दाखवता, मग आमचं रानडुक्कर अन् रोही कोण बघणार?” याला निसर्गप्रेमाचं व्याख्यान हे उत्तर नव्हे. नुकसानभरपाईचा अर्ज कुठं करायचा, पंचनामा कसा होतो, एवढं फेरी काढणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे. विहिरीत पडलेलं कोल्हं असो की घरात निघालेला अजगर, तिथं कळवता येतं. साप चावला तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची आणि दवाखाना गाठायचा. मांत्रिकाकडं घालवायला वेळ नसतो. फेरीच्या झोळीत पाणी, पट्टी, शिट्टी आणि हे दोन नंबर, एवढं हवंच.

तीन-चार महिने गावची वाट चालून झाली की पोरांना इसापूर बघायचं असतं. पैनगंगेवरचं हे धरण. जलाशयाच्या एका अंगाला आपला हिंगोली जिल्हा, दुसऱ्या अंगाला यवतमाळ. तिथं इसापूर अभयारण्य आहे, त्यामुळं मन मानेल तसं घुसता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणं अभयारण्यात जायला परवानगी लागते, अभ्यासासाठी आणि सहलीसाठी ती मिळते. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावानं शाळेच्या लेटरहेडवर साधा अर्ज करा. त्यात तारीख, वेळ, मुलांची आणि मोठ्यांची संख्या, एका जबाबदार माणसाचा फोन नंबर लिहा. त्यातच एक ओळ टाका, ‘सोबत एखादा वनरक्षक मिळाल्यास उपकृत होऊ’. ती ओळ टाकायला पुष्कळ जण लाजतात. पण वनरक्षकाला त्या पाण्याची रोजची खबर असते आणि लेकरांनी मनापासून विचारलं की तो खुलतो. अर्ज पंधरा दिवस आधी द्या आणि पोच घ्या.

जायचं केव्हा? ऑक्टोबरात धरण तुडुंब असतं, पाणी बघायला छान, पण उथळ काठ नाही म्हणून चिखलात चरणारी पाखरं कमी. डिसेंबर-जानेवारीत पाणी मागं सरकतं, काठाला चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि खरी गर्दी तिथं होते. लाल काड्यांसारख्या पायांचा शेकाट्या, शेपटी सारखी खालीवर हलवणारा धोबी, जोडीनं फिरणारा तांबूस चक्रवाक. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब महाराष्ट्रातल्या जलाशयांवर हिवाळ्यात उतरतो, डोक्यावर दोन काळे पट्टे दिसले की समजायचं तोच. आणि आमच्या पोरांचा लाडका म्हणजे वारकरी. सगळं अंग काळं, चोच आणि कपाळ तेवढं पांढरं, टिळा लावल्यासारखं. हे पाखरू एकटंदुकटं कमी, दिंडीच्या दिंडीनं पाण्यावर असतं. संत नामदेवांची नर्सी ज्या जिल्ह्यात आहे तिथं हे नाव पोरांना समजावून सांगावं लागत नाही.

त्या चिखलाचं मात्र भय धरा. पाणी ओसरलेल्या काठावर वरून वाळलेली खपली दिसते आणि खाली गुडघाभर गाळ असतो. एकदा आमचा एक पोरगा चक्रवाकाच्या मागं चार पावलं जास्त गेला आणि मांडीपर्यंत रुतला. दोघांनी काठी धरून ओढला तेव्हा निघाला, चप्पल अजून तिथंच आहे. तेव्हापासून काठावर गेल्या गेल्या मी काठीनं एक रेघ ओढतो. त्या रेघेच्या पुढं कुणी नाही, मीसुद्धा नाही. सरकलेल्या पाण्यामागं लोक गाळपेर करतात, त्या पिकातूनही तुडवत जायचं नाही. भोयांची जाळी वाळत घातलेली असतात, ती ओलांडायची नाहीत.

मोजणी हा पोरांचा आवडता भाग. पाण्यावर तीनशे पाखरं, मोजायची कशी? आमच्याकडं व्यापारी केळीच्या बागेत उभा राहून एका घडाच्या फण्या मोजतो, एका फणीत केळी किती ते बघतो आणि साऱ्या बागेचा अंदाज सांगतो. तेच इथं करायचं. आधी दहा पाखरं नीट मोजायची, दहाचा तो ठोकळा डोळ्यात बसवायचा, मग थव्यात असे ठोकळे किती ते बघायचं. चार पोरांचे चार आकडे येतील, वाद होईल, परत मोजतील.

हे आकडे वाया घालवू नका. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यातून आलेली लोक जैवविविधता नोंदवही असते. असते म्हणजे कपाटात असते. ग्रामसेवकाला भेटून ती बघायला मागा. आमच्या फेरीची साधी दोनशे पानी वही आहे. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, किती दिसलं आणि शेवटचा रकाना ‘गावात काय म्हणतात’. हा रकाना म्हाताऱ्या माणसांकडून भरून घ्यायचा. मारुती चितमपल्लींच्या पक्षिकोशात एकेका पाखराची कितीतरी नावं आहेत, ती लोकांच्या तोंडूनच गोळा झालेली. फेब्रुवारीत चार दिवस जगभर ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट होतो. त्यात भाग घ्यायला कुठं जावं लागत नाही. शाळेच्या मैदानात पंधरा मिनिटं उभं राहून पाखरं मोजायची आणि ई-बर्डवर यादी टाकायची. ज्या शाळेला फेरी झेपत नाही तिला पंधरा मिनिटं तरी झेपावीत.

नवीन फेरी सुरू करायला मुहूर्त हवाच असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या दिवसांत वन विभागाला आणि सामाजिक वनीकरणाला कार्यक्रम करायचेच असतात. तेव्हा माणूस मागितला तर मिळण्याचा संभव जास्त. २ फेब्रुवारीच्या पाणथळ दिनाचंही तेच. पण सप्ताहातच सुरू करून सप्ताहातच संपवायची असेल तर न केलेली बरी. त्यापेक्षा हळदीत राबून दमलेल्या माणसांना रविवारी झोपू द्यावं.

शहरात लेकाकडं, लेकीकडं जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथं गेलं की माणूस टीव्हीसमोर बसून असतो, मग गुडघे धरतात. मुंबईत धारावीच्या समोर, मिठी नदीच्या काठाला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, ३७ एकरांचं. १९७७ पर्यंत तिथं शहराचा कचरा पडायचा. त्या ढिगावर झाडं लावली आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. बोरिवलीला सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे, बिबट्यासकट, भर वस्तीच्या मधोमध. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, हजारोंनी. छत्रपती संभाजीनगरला दिल्ली दरवाज्याजवळ सालिम अली सरोवर आहे. पुण्यात पाषाणचा तलाव, नागपुरात अंबाझरी. काही ठिकाणी तिकीट लागतं, पण स्थानिक पक्षीमित्रांच्या सकाळच्या फेऱ्या पुष्कळ वेळा फुकट असतात. फाटकावरच्या पहारेकऱ्याला किंवा गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या कुणालाही विचारा, तो पत्ता देतो. तिथं ‘आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला काय कळतं’ असं म्हणून मागं उभं राहू नका. त्या घोळक्यात केळीचं फूल झाडावर पाहिलेलं माणूस बहुधा तुम्ही एकटेच असाल.

केळफुलावरून आठवलं. जानेवारीपासून हळद निघायला लागते. काढणी, शिजवणी, वाळवणी, मग सकाळी कुणाला सवड नसते, लेकरंही वावरात असतात. तेव्हा आम्ही महिन्यातून एकदा फेरी दिवस मावळताना घेतो, केळीच्या बागेत. याला तयारी लागते ती एवढीच की घड पुरा सुटला की शेतकरी केळफूल मोडून टाकतो, तेव्हा आधीच सांगून एखाद्या झाडाचं राखून ठेवायला लावायचं. दिवसा त्या फुलावर शिंजीर येतो, अंगठ्याएवढा, उन्हात जांभळा झगमगणारा. तो उलटा लटकून पाकळीच्या आत बाकदार चोच घालतो. अंधार पडला की पाळी बदलते. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद बांधायचा, फुलापासून दहा पावलांवर बसायचं आणि बोलायचं नाही. डासांचं मात्र काही करता येत नाही.

गेल्या खेपेला नऊ जण बसलो होतो. अर्धा तास काहीच नाही. मग फुलाजवळ हवा हलल्यासारखी वाटली आणि लाल उजेडात एक लहानसं वटवाघूळ पाकळीला येऊन चिकटलं, तोंड आत घातलं, श्वास घ्यावा एवढा वेळ थांबलं आणि गेलं. थोड्या वेळानं परत आलं. पाच वेळा आलं. ज्यांची बाग होती त्यांची पोरगी माझ्या शेजारी बसली होती. उठताना मी तिला हळूच विचारलं, “हे फूल उद्या मोडायचं ना?”

“बापू म्हणले, राहू दे आणखी दोन दिस,” ती म्हणाली. “मायला आणून दाखवायचंय.”